डोळे उघडे, पण मावशी जाग्यावर नाही

ईईजी (डोक्याला तारा लावून मेंदूतली वीज नोंदवायची तपासणी) काढायचा म्हटल्यावर घरातला पहिला प्रश्न हाच आला की फिट कुठे आलीय तिला? फिट म्हणजे माणूस धाडकन खाली पडणार, हातपाय झाडणार, तोंडाला फेस येणार आणि कोणीतरी पळत जाऊन कांदा नाहीतर चप्पल आणून नाकाला लावणार (लावू नका, काही उपयोग नसतो), आपल्याला एवढंच माहीत. मावशी तर पलंगावर नीट बसलेली. डोळे उघडे, पदर जागच्या जागी, हातात चहाचा कप. फक्त तो कप कितीतरी वेळ तसाच हातात होता आणि चहावर साय धरली होती.

थोडं मागचं सांगतो. मावशी अडुसष्ट वर्षांची, तासगावला मावसभावाकडे असते. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, त्यामुळे बोलायला लागली की थांबायची नाही आणि समोरच्याची वाक्यं पण तीच पूर्ण करायची. बीपी आहे, शुगर आहे, काही वर्षांपूर्वी एक छोटा स्ट्रोक येऊन गेला होता, डावीकडच्या मेंदूत, उजवा हात थोडे दिवस लुळा पडला आणि मग सुधारला. तर ही बाई हळूहळू गप्प झाली. एकदम नाही. आधी उत्तर उशिरा यायला लागलं, मग आपण विचारलेल्यातला शेवटचाच शब्द परत म्हणायला लागली, म्हणजे "मावशी जेवलीस का" म्हटलं की "जेवलीस का". मग तेही बंद. साडीचा काठ चिमटीत धरून चोळत बसायची. मधेच अर्धा तास बरी वाटायची, दोन घास खायची, हो नाही म्हणायची, आणि सगळ्यांना वाटायचं चला, येतेय गाडी रुळावर. की परत तेच.

आता घरात प्रत्येकाचं निदान तयार. वहिनी म्हणाली रुसल्यात, मागच्या आठवड्यात टीव्हीवरून जरा बोलणं झालं होतं. शेजारच्या काकूंनी लिंबू उतरवून तिठ्यावर टाकायला लावलं, बाहेरचं काहीतरी आहे म्हणे, अमावस्येला मळ्यात गेली होती ना. मावसभावाला वाटलं वय झालं, आता विसरभोळेपणा सुरू. आणि ज्या डॉक्टरकडे आधी नेली त्यांनी सांगितलं डिप्रेशन, कारण थोरल्या मावशीला जाऊन महिना पण झाला नव्हता. तेव्हा हे मला पण पटलं होतं. दुःखात माणूस गप्प होतंच की. गोळी सुरू केली, फरक शून्य, उलट आता तिला उठवून बसवावं लागायला लागलं. मी मिरजेत नोकरीला असल्यामुळे शेवटी माझ्याकडे फोन आला की तिकडे दाखव कुठेतरी मोठ्या ठिकाणी.

कॅज्युअल्टीत जे होतं ते सगळं झालं. शुगर बघितली, ठीक. सीटी केला, जुन्या स्ट्रोकचा डाग तेवढा दिसतोय, नवीन रक्तस्राव वगैरे काही नाही. रक्तात सोडियम 127, म्हणजे कमी, लघवीत इन्फेक्शन. केसपेपरवर मोठ्या अक्षरात लिहिलं "अल्टर्ड सेन्सोरियम", म्हणजे शुद्ध नेहमीसारखी नाही, आणि पुढे प्रश्नचिन्ह. मला तर ते प्रश्नचिन्ह बघूनच बरं वाटलं, कारण इतक्या दिवसात "माहीत नाही" असं कबूल करणारं हे पहिलंच ठिकाण होतं.

न्यूरोच्या मॅडम आल्या त्यांनी आधी काही विचारलंच नाही. मावशीसमोर स्टूल ओढून बसल्या आणि नुसत्या बघत राहिल्या. पाच मिनिटं तरी. मी आपला हिस्ट्री सांगायला तोंड उघडतोय तर हाताने थांब म्हणाल्या. मग म्हणाल्या हा अंगठा बघा. उजव्या हाताचा अंगठा, साडीचा काठ धरलेला, तो अगदी बारीक, आत बाहेर आत बाहेर उडत होता, आणि उजव्या पापणीची कड पण त्याच ठेक्यात. आम्ही सगळे ते दिवसचे दिवस बघत होतो आणि काठ चोळायची सवय समजत होतो.

मग त्यांनी जे समजावलं ते मी माझ्या शब्दात लिहितो. म्हणाल्या, बाहेरून असं दिसणाऱ्या माणसाच्या मेंदूत दोन अगदी उलट गोष्टी चालू असू शकतात. एक म्हणजे मेंदू मंदावलाय, सोडियम कमी, इन्फेक्शन, किडनी लिव्हर नीट नसणं, कुठल्यातरी औषधाचा परिणाम, याने सगळा कारभारच सुस्त होतो. दुसरं म्हणजे मेंदूत फिट चालूच आहे, थांबलेलीच नाही, पण ती हातपाय झाडण्यापर्यंत येत नाहीये, आतल्या आत चाललीय. याला नॉनकन्व्हल्सिव्ह स्टेटस म्हणतात. आणि तिसरी शक्यता तुम्हाला सांगितलेली, मनाचा आजार, त्यात साधारणपणे ईईजी नॉर्मलच्या जवळपास येतो. तिन्हीचा चेहरा एकच. उपचार मात्र तीन दिशांना. पहिल्यात झोपेचं औषध दिलं तर माणूस अजून बुडतं, दुसऱ्यात तेच औषध द्यायलाच लागतं. त्यामुळे चेहरा बघून ठरवायचं नाही, ईईजी आजच.

नंतर मी वाचलं, 2000 साली अमेरिकेत 236 पेशंटचा एक अभ्यास छापून आला होता, सगळे कोमात, बाहेरून फिटची काही खूण नाही, आणि ईईजी काढल्यावर त्यातल्या 8 टक्के लोकांच्या मेंदूत फिट चालू सापडली. बारा तेरा माणसांत एक. आपल्याकडे असे किती जण "वय झालं" च्या खात्यात जात असतील कोण जाणे.

आता खरी प्रोसेस.

पहिली अडचण तेल. मावशीच्या केसांना रोज खोबरेल, चपचपीत, पन्नास वर्षांचा नेम. तेलकट डोक्यावर इलेक्ट्रोड चिकटत नाहीत आणि चिकटले तरी करंट नीट पकडत नाहीत, त्यामुळे सिस्टर म्हणाल्या आधी केस धुवा. खाटेवर आडवी करून, डोक्याखाली प्लॅस्टिक घालून, वहिनी आणि एका मावशींनी (वॉर्डातल्या, आमच्या नव्हे) शाम्पूने दोनदा धुतले. एरवी केसाला कोणी हात लावला तर मावशी केवढी ओरडते. तेव्हा पाणी कपाळावरून डोळ्यात गेलं तरी तिने हूं की चूं केलं नाही. वहिनी तिथेच रडायला लागली, आणि रुसल्यात हे तिने त्यानंतर पुन्हा कधी म्हटलं नाही.

ईईजीची खोली छोटी, एसी, एक कॉट, एक कॉम्प्युटर आणि भिंतीवर टाळ्या वाजवणारा बाळकृष्ण. टेक्निशियन पोरगा तिशीचा असेल नसेल. त्याने पंखा बंद केला, माझा मोबाईल बाहेर ठेवायला लावला आणि टेप काढला, हो, शिंप्याकडे असतो तोच. नाकाच्या मुळापासून डोक्याच्या मागे जिथे कवटीचं हाड बोटाला लागतं तिथपर्यंत माप घेतलं, मग एका कानापुढून दुसऱ्या कानापुढे, मग गोल. त्या मापाचे दहा टक्के, वीस टक्के असे हिशोब करून लाल पेन्सिलीने डोक्यावर खुणा. मी विचारलं डोळ्यांच्या अंदाजाने नाही का लावता येत, तर म्हणाला दादा, लावतात काही जण, पण डावीकडची तार एक बोट खाली लागली आणि उजवीकडची वर तर दोन्ही बाजू सारख्या नाही दिसणार, आणि डॉक्टर म्हणणार डावीकडे बिघाड आहे. जगात सगळीकडे हेच माप, टेन-ट्वेंटी, 1958 सालापासूनचं.

प्रत्येक खुणेवर कापसाच्या काडीने खरखरीत जेल घासायचं, मग पांढरी जाड पेस्ट, त्यात छोटी वाटीसारखी चकती दाबायची, वर गॉजचा तुकडा. दोन कानाच्या पाळ्यांना. एकवीस तारा लागल्या. छातीवर वेगळ्या, हृदयाच्या, कारण हृदयाचे ठोके डोक्याच्या पट्टीत घुसतात आणि ते ओळखता यायला हवेत. स्क्रीनवर प्रत्येक तारेचा आकडा येत होता, काही लाल काही हिरवे, लाल असला की तिथली चकती परत दाबायची, परत घासायची. सगळे हिरवे होईपर्यंत पोरगा सोडत नव्हता. मी घड्याळ बघायला लागलो तर म्हणाला यात घाई केली की पुढचा अर्धा तास फुकट.

आणि यामागचं कारण ऐकून मी गारच पडलो. डोक्याच्या कातडीवर जी वीज पोचते ती मायक्रोव्होल्टमध्ये, साधारण दहा ते शंभर. घड्याळात घालतो तो पेन्सिल सेल दीड व्होल्टचा. म्हणजे पन्नास मायक्रोव्होल्टची लाट ही त्या सेलच्या तीस हजाराव्या भागाएवढी. एवढंसं पकडायचं तर भिंतीतली पन्नास हर्ट्झची लाईट, पंख्याने हललेली वायर, दात चावणं, पापणी लवणं, सगळं त्यापेक्षा मोठं. मावशीने पापणी मिटली की पुढच्या तारांच्या रेषा एकदम डोंगराएवढ्या उसळायच्या आणि मी दचकायचो, तो म्हणायचा काही नाही, डोळे आहेत ते.

मग रेकॉर्डिंग सुरू. स्क्रीनवर एका वेळी दहा सेकंद दिसतात, डावीकडून उजवीकडे, एकाखाली एक रेषा. आणि मला काही कळायच्या आत त्या पोराचा चेहरा बदलला. मला पण दिसत होतं खरंतर, कोणालाही दिसलं असतं. वरच्या अर्ध्या रेषा आणि खालच्या अर्ध्या रेषा एकमेकींच्या कोणीच नसल्यासारख्या. उजवीकडचा मेंदू संथ, वाकड्यातिकड्या लाटा. डावीकडे मात्र टोकदार, टोकदार, टोकदार, सेकंदाला तीनच्या आसपास, एकसारख्या, कमी व्हायच्या, पसरायच्या, परत कमी, पण थांबायच्या नाहीत. पान सरलं, पुढचं पान, तेच. खाली व्हिडिओत मावशी शांत, छताकडे बघतेय.

त्याने मला सांगितलं तुम्ही हाक मारा, घरी मारता तशी. मी म्हटलं मावशी. काही नाही. मोठ्याने. काही नाही. मग तो म्हणाला घरात दुसरं काही नाव आहे का, म्हटलं हो, माहेरचं, माझी आई तिला बेबी म्हणायची. "बेबी" म्हणून जवळजवळ ओरडलो. तिने माझ्याकडे पाहिलं. खरंच मान वळवून पाहिलं. आणि मी स्क्रीनकडे पाहिलं तर डावीकडची टोकं जशीच्या तशी, एक ठोका पण चुकला नव्हता. पोराने की-बोर्डवर वेळेच्या पुढे टाईप केलं, "नावाने हाक, नजर वळली, बदल नाही". मग टाळी वाजवली, तेही टाईप केलं. नखावर पेन दाबला, तिने हात मागे घेतला, तेही. हे मला फार महत्त्वाचं वाटलं, कारण तोपर्यंत माझी समजूत होती की मशीनच सगळं सांगतं. पण कुठल्या क्षणी माणसाला काय केलं आणि त्याने काय केलं हे शेजारी लिहिलेलं नसेल तर त्या रेषांचा अर्धा अर्थ जातो.

एवढं झाल्यावर त्याने इंटरकॉमवरून मॅडमना बोलावलं. रिपोर्ट उद्या मिळेल वगैरे भानगड नाही. मॅडम आल्या, उभ्या उभ्या दोन-तीन पानं मागे-पुढे करून पाहिली, आणि सिस्टरना म्हणाल्या लोराझेपाम (तेच झोपेचं औषध, फिट थांबवणारं) आणा, ऑक्सिजन लावा, मशीन चालू राहू दे.

तारा तशाच, आणि सुईतून औषध हळूहळू. सगळे स्क्रीनकडे. मी पण, खरं सांगायचं तर मावशीकडे कोणीच बघत नव्हतं, सिस्टर सोडून, त्यांचं लक्ष श्वासाकडे. आधी टोकांमधलं अंतर वाढलं. मग ती मधेच अडायला लागली. मग एका पानावर सुरुवातीलाच दोन-चार आली आणि बाकीचं पान मोकळं. मग आलीच नाहीत. त्याऐवजी सगळीकडे बारीक दाट रेषा आल्या, त्या औषधाच्या असतात, टेक्निशियन म्हणाला. अंगठा थांबला होता. तो कधी थांबला ते कोणालाच सांगता आलं नाही.

आता इथे सिनेमात ती उठून बसली असती. तसं काही झालं नाही. ती झोपली, घोरायला लागली. मावसभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला अरे आधी डोळे तरी उघडे होते, आता तेही मिटले, हे बरं झालं का वाईट? मॅडमना विचारलं तर म्हणाल्या आता ती औषधाने झोपलीय, आणि मेंदूपण दमलाय, किती दिवस पळत होता कोण जाणे. फिट परत सुरू झाली तर बाहेरून कळणारच नाही, म्हणून उद्या परत ईईजी. लेव्हेटिरासिटाम, म्हणजे फिटची गोळी, सुरू केलं, सोडियम हळूहळू वर आणायला सुरुवात केली (ते घाईने वर नेणं धोक्याचं असतं, हे मला तिथेच कळलं), इन्फेक्शनला अँटिबायोटिक. बीपीच्या गोळीत पाणी काढणारं औषध होतं, सोडियम कमी व्हायचं ते एक कारण, ती बदलली. थोडक्यात, जुन्या स्ट्रोकचा डाग म्हणजे ठिणगी पडायला जागा तयारच होती, आणि सोडियम व इन्फेक्शनने ती पाडली.

रात्री वॉर्डाबाहेर बसलो होतो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या पोराचे वडील गप्पा मारायला आले. त्यांचा मुलगा मोटरसायकलवरून पडलेला, हेल्मेट नव्हतं, डोक्याचं ऑपरेशन झालेलं, डोळेच उघडत नव्हता. त्याचा पण ईईजी झाला होता. त्यांनी मला अगदी हळू आवाजात विचारलं, त्या मशीनवर कळतं का हो, त्याला ऐकू येतंय का ते? मी काय सांगणार. सकाळी टेक्निशियनला विचारलं. तो म्हणाला टाळी वाजवल्यावर, चिमटा काढल्यावर लाटा बदलतात का ते आम्ही बघतो, बदलल्या तर चांगलं लक्षण. पण ऐकून कळतंय का, हे आमच्या रोजच्या ईईजीत नाही दिसत. हे मी त्यांना जसंच्या तसं सांगितलं, कमीजास्त केलं नाही.

पण त्याचा शोध चालू आहे, हे घरी येऊन वाचल्यावर कळलं. 2019 साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मेंदूला मार बसलेल्या, सांगितलेलं काहीही न करणाऱ्या 104 जणांच्या कानात सूचना वाजवल्या, उजवा हात उघडा-मिटा, आता थांबा, असं. हात कोणाचाच हलला नाही. पण ईईजी कॉम्प्युटरने तपासला तर 16 जणांच्या मेंदूत "उघडा-मिटा" ला एक आणि "थांबा" ला दुसरा असा फरक सापडला. म्हणजे ऐकत होते, करायला बघत होते, हातापर्यंत पोचत नव्हतं. आणि वर्षभराने या गटातले जास्त लोक सुधारले होते. खाटेशेजारी उभं राहून "याला काय कळतंय" म्हणून वाट्टेल ते बोलणारे नातेवाईक मी त्या वॉर्डात भरपूर पाहिले, त्यांच्यासाठी लिहितोय हे.

दुसऱ्या दिवशीचा ईईजी मी जरा शहाणा होऊन पाहिला. टोकं नव्हती. डावीकडे अजून सुस्ती होती, पण दोन्ही बाजू आता एकाच घरातल्या वाटत होत्या. मावशी अर्धवट जागी. टेक्निशियन पोराने सांगितलं मावशी डोळे मिटा. तिने मिटले! सांगितलेलं केलं! आणि डोक्याच्या अगदी मागच्या तारांवर एक छान गोल-गोल लय आली, सेकंदाला आठ-एक. डोळे उघडा म्हटल्यावर गेली. मिटल्यावर परत आली. याला अल्फा म्हणतात, आठ ते तेराच्या मधली, जागं पण निवांत असलेल्या मेंदूची. त्यापेक्षा संथ चार ते आठ ती थीटा आणि चारच्या खालची डेल्टा, ती गाढ झोपेत असते नाहीतर मेंदू बिघडला असेल तर. मला तो पोरगा म्हणाला बघा दादा, आली घरी. मी त्या रेषेचा फोटो मागितला, नाही म्हणाला, रिपोर्टसोबत मिळेल.

ही अल्फा लाट पहिल्यांदा दिसली ती जर्मनीत येना गावी, हान्स बर्गर नावाच्या मानसोपचाराच्या डॉक्टरला. 1924 साली त्याने माणसाच्या मेंदूची वीज पहिल्यांदा नोंदवली आणि छापायला 1929 उजाडवलं, इतका धास्तावलेला माणूस. आणि तो या नादाला का लागला तर तरुणपणी लष्करात असताना घोड्यावरून पडून मरता मरता वाचला, आणि त्याच दिवशी घरून तार आली, बहिणीला वाटलं म्हणे भावाला काहीतरी झालंय. एका मनातलं दुसऱ्या मनात जातं कसं हे शोधायला तो निघाला होता. ते काही सापडलं नाही, आमच्या मावशीच्या कामाचं मात्र सापडलं.

भेटायला येणाऱ्यांचे प्रश्न हा वेगळा विषय. निम्म्या लोकांनी विचारलं ते ब्रेन मॅपिंग केलं का हो, मग मनातलं सगळं आलं असेल! पूर्वी टीव्हीवर नार्को टेस्ट आणि ब्रेन मॅपिंगच्या बातम्या असायच्या त्याचा हा प्रताप. तो आरोपींच्या तपासासाठी वापरायचा प्रकार, आणि सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सांगून टाकलंय की माणसाच्या मर्जीविरुद्ध करायचं नाही. तारा त्याच असल्या तरी दवाखान्यातल्या ईईजीत विचार दिसत नाहीत, मेंदू कुठल्या अवस्थेत आहे ते दिसतं. जागा, झोपलेला, मंदावलेला, पेटलेला, भुलीखाली गेलेला. त्या अवस्थेत आतून काय वाटतंय ते नाही दिसत. मावशीला मी नंतर विचारलं तेव्हा काय वाटत होतं गं, तर तिला लिंबू आठवत नाही, कॅज्युअल्टी आठवत नाही, डोकं धुतलेलं आठवत नाही, मी बेबी म्हणून ओरडलो तेही नाही. माझ्याकडे वळून पाहिलंस की, म्हटलं. म्हणाली पाहिलं असेन.

आमचे एक काका इगतपुरीला विपश्यनेची शिबिरं करून आलेले, त्यांचा प्रश्न जरा बरा होता, की समाधी लागल्यावर यात काय दिसेल? मॅडमनी हसून उत्तर दिलं आणि ते मी नंतर पडताळून पाहिलं. 1961 मध्ये दिल्लीच्या एम्समधल्या आनंद, छीना आणि सिंग या तिघांनी योगी लोकांचे ईईजी काढून पेपर छापला होता. समाधीत अल्फा ठळक दिसली. एरवी आवाज, प्रकाश, स्पर्श झाला की अल्फा मोडते, या लोकांची ध्यानात असताना मोडली नाही. आणि दोन योगी तर चार डिग्रीच्या गार पाण्यात पाऊण तासाच्या वर हात घालून बसले, तरी अल्फा कायम. काका खूष झाले. मॅडम पुढे म्हणाल्या पण काका, मान खाली घालून डुलकी लागली तरी बाहेरून समाधीच दिसते, ईईजीत मात्र झोपेच्या लाटा स्पष्ट येतात. यावर काका जरा गप्प बसले.

कोणाला कामी येईल म्हणून थोडं. ईईजीच्या आधी केस धुवून ठेवा, तेल, जेल, मेंदी-बिंदी काही नको. उपाशी राहायची गरज नसते, शुगरवाल्यांनी तर मुळीच राहू नका. चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी न्या, डॉक्टरनी सांगितल्याशिवाय एकही बंद करू नका. कधी कधी रात्री जागवून आणायला सांगतात, कारण झोप लागताना फिटच्या खुणा जास्त सापडतात. दुखत नाही, शॉक देत नाहीत (हा प्रश्न सगळे विचारतात), मशीन फक्त घेतं, देत काही नाही. आम्हाला एक ईईजी दोन हजारांच्या आत पडला. आणि एक नॉर्मल आला म्हणजे फिटचा आजार नाहीच असं होत नाही, त्या अर्ध्या तासात नव्हती एवढंच. आणि हो, त्या पेस्टचे खडे केसातून निघायला दोन न्हाणी लागतात.

घरातलं बोलतं माणूस काही दिवसांत गप्प झालं, मधेच बरं मधेच हरवलेलं असं व्हायला लागलं, तर देव-देवस्की आणि डिप्रेशन दोन्ही थोडं बाजूला ठेवून एकदा न्यूरोवाल्यांना दाखवा, आणि त्यांच्यासमोर पापण्या, ओठाचे कोपरे, बोटं यांचा व्हिडिओ धरा. आमच्याकडे व्हिडिओ असता तर मॅडमना ती पाच मिनिटं पण बसावं लागलं नसतं.

मावशी आता घरी आहे, बोलते. बोलते म्हणजे फारच बोलते, आणि चिडते. आमटीत मीठ कमी पडलं म्हणून वहिनीला असं काही सुनावलं की वहिनीने मला फोन करून विचारलं हे त्या गोळीमुळे का? लेव्हेटिरासिटामने काही लोकांचा स्वभाव चिडका होतो, हे खरंय, मॅडमनी पण आधीच सांगून ठेवलं होतं. मावसभावाचं म्हणणं गोळीचा काही संबंध नाही, ती पहिल्यापासून अशीच आहे. मॅडमनी दोघांचं ऐकून घेतलं, डोस थोडा कमी केलाय, आणि दिवाळीनंतर परत ईईजी काढून मग ठरवू म्हणाल्या गोळी बदलायची का वहिनीने सोसायचं.